पाण्याकाठच्या छोट्या उद्यानातली संध्याकाळ: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पाण्याकाठच्या छोट्या उद्यानात पहिल्यांदा जाणारी बहुतेक मंडळी सूर्य बुडायच्या दहा मिनिटं आधी पोचतात. कठड्याशी उभं राहून चार फोटो काढतात आणि तांबडा गोळा पाण्याआड गेला की लगेच गाडीकडे वळतात. येतात उशिरा, जातात लवकर. अशा जागेत बघण्यासारखं जे असतं, त्यातलं निम्मं सूर्यास्ताआधीच्या दीड तासात पायवाटेवर असतं आणि उरलेल्यातलं पुष्कळसं सूर्य गेल्यानंतरच्या अर्ध्या तासात आभाळात. मधली दहा-एक मिनिटं तेवढी या मंडळींच्या वाट्याला येतात, आणि "छान होतं, पण लहानच आहे" असं म्हणत ती घरी जातात.

समुद्र, खाडी, नदी, तलाव अशा निरनिराळ्या पाण्यांच्या काठी मी अनेक वर्षं संध्याकाळी फिरत आले आहे. सोबत नवखं कुणी असलं की मी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: सूर्यास्त हा या भेटीचा मध्य धरा, शेवट धरू नका. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती रचल्या आहेत.

पायरी पहिली: वेळ उलटी मोजा

घरातून निघण्याआधी त्या ठिकाणची त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ बघा. फोनमधल्या हवामानाच्या ॲपमध्ये ती असते. ही वेळ सपाट, मोकळ्या क्षितिजासाठी काढलेली असते. पश्चिमेला डोंगर, इमारती किंवा उंच झाडी असेल तर सूर्य त्याआधीच दिसेनासा होईल. कधी पाच मिनिटं आधी, तर डोंगर अगदी जवळ असला तर अर्धा तास आधीही.

आता उलटं मोजा. सूर्यास्ताच्या दीड तास आधी फाटकात. पुढचा तासभर पायवाटेवर. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बसायच्या जागी. आणि सूर्य गेल्यानंतर किमान अर्धा तास तिथेच. एकूण दोन तास झाले. घाई असलेल्या दिवशी जाऊच नका, दुसरा दिवस निवडा.

इथे एक अडचण हमखास येते, ती म्हणजे फाटक. बरीचशी छोटी उद्यानं अंधार पडायच्या सुमारास बंद होतात आणि काही तर सूर्यास्तालाच. आत किती वाजेपर्यंत थांबता येतं आणि वाहनतळाचं फाटक किती वाजता लागतं, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. दोन्ही आधी विचारून घ्या. एका उद्यानात माझी गाडी आत आणि मी बाहेर असा प्रकार झाला. फलकावरची वेळ माणसांसाठी होती, वाहनतळ त्याच्या अर्धा तास आधी बंद झाला होता. फाटक सूर्यास्तालाच लागत असेल तर पायवाट आत फिरा आणि सूर्यास्त बघायला बाहेरचा एखादा सार्वजनिक काठ हेरून ठेवा.

पायरी दुसरी: पाणी काय करतंय ते बघा

तलाव किंवा संथ नदी असेल तर ही पायरी सोडून पुढे जा. समुद्र किंवा खाडी असेल तर मात्र ही सगळ्यात महत्त्वाची.

बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, त्यामुळे भरती रोज जवळपास 50 मिनिटांनी पुढे सरकते. काल संध्याकाळी सहाला काठोकाठ पाणी होतं म्हणून आजही सहाला असेल, असं धरू नका. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे चढउतार बेताचा.

नवख्याला फसवते ती पाणी चढण्याची गती, कारण ती सारखी नसते. सहा तासांतल्या चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन, एक असा ढोबळ हिशेब खलाशी पिढ्यान् पिढ्या वापरत आले आहेत. पाणी एकूण 3 मीटर चढणार असेल तर पहिल्या तासात फक्त 25 सेंटीमीटर चढतं आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून दीड मीटर. म्हणजे पहिला तासभर काठावर बसून "पाणी काही फारसं वाढत नाही" असा जो समज होतो, तो पुढच्या दोन तासांत पार खोटा ठरतो. मी एकदा खडकांमधल्या खालच्या वाटेने टोकापर्यंत गेले. जाताना पाणी वाटेपासून चांगलं चार हात लांब होतं. परत यायला निघाले तेव्हा वाटेचा मधला भाग दिसेनासा झाला होता आणि गुडघाभर पाण्यातून, पायाखालचा दगड चाचपत यावं लागलं. तेव्हापासून भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय मी खालच्या वाटेवर पाय ठेवत नाही.

पहिल्या भेटीसाठी मी असा दिवस सुचवेन, की भरती सूर्यास्ताच्या एक-दोन तास आधी होऊन गेलेली असेल. पाणी उतरत असतं, त्यामुळे वाट बुडायची भीती नाही. नुकत्याच उघड्या पडलेल्या गाळावर पक्षी उतरायला लागलेले असतात. आणि पाणी अजून फार लांब गेलेलं नसतं, म्हणून आभाळाचे रंगही त्यात दिसतात. या आठवड्यात हे जुळत नसेल तर साधारण पंधरा दिवसांनी पुन्हा तसाच योग येतो.

पायरी तिसरी: दिशा आणि आभाळ

नकाशा उघडा आणि उद्यानाचा काठ कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते बघा. "सूर्य पश्चिमेला मावळतो" हे शाळेतलं वाक्य वर्षातून दोनच दिवस नेमकं खरं असतं: 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपास. जूनमध्ये सूर्यास्ताची जागा पश्चिमेच्या उत्तरेला सरकते, डिसेंबरमध्ये दक्षिणेला. विषुववृत्ताजवळ हा सरकाव दोन्ही बाजूंना सुमारे साडेतेवीस अंशांचा असतो आणि विषुववृत्तापासून जितकं लांब जावं तितका तो वाढत जातो. 40 अंश अक्षांशावर तो 31 अंशांच्या आसपास जातो. म्हणूनच "इथून समुद्रात सूर्य बुडताना दिसतो" असं कुणी सांगितलं तर कुठल्या महिन्यात, ते विचारा. त्याच बाकावरून सहा महिन्यांनी सूर्य शेजारच्या टेकडीमागे जात असेल.

काठ पूर्वेला तोंड करून असला तरी जाणं रद्द करू नका. त्याचं कारण पुढे सूर्यास्तानंतरच्या पायरीत येईल. शिवाय पौर्णिमेच्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या सुमाराला चंद्र उगवतो, अगदी समोरासमोर. त्या दिवशी पूर्वेचा काठच खरा.

आभाळाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो, की निरभ्र आकाश म्हणजे चांगला सूर्यास्त. निरभ्र आकाशात सूर्य नीट दिसतो हे खरं, पण रंग पसरायला पडदा लागतो. तो पडदा म्हणजे उंचावरचे विरळ, पिसांसारखे ढग. ते सहा किलोमीटर किंवा त्याहून वर असतात. सूर्य आपल्या दृष्टीने बुडाल्यावरही त्याचं ऊन त्यांच्यापर्यंत खालून पोचत राहतं. खाली, पश्चिमेच्या क्षितिजाला लागून राखाडी ढगांची भिंत असेल तर मात्र आशा कमी. पाऊस पडून गेल्यावर हवा धुतली जाते, त्या संध्याकाळी निघा. धूर आणि धुळीने भरलेल्या हवेत सूर्य तांबडा दिसतो खरा, पण आजूबाजूचे रंग मळकट होतात.

पायरी चौथी: पिशवी

फार काही लागत नाही. तळव्याला पकड असलेले बंद बूट, पाण्याची बाटली, लांब बाह्यांचा एक पातळ कपडा, टॉर्च. फोनचा टॉर्च चालतो, पण फोटो काढून काढून तोवर बॅटरी संपलेली असते, म्हणून वेगळा ठेवा. डास पळवणारं मलम निघण्याआधीच लावा. चेहऱ्याला उन्हाचं मलमही लावा, कारण दुपार सरल्यावर उन्हाची जी किरणं उरतात, त्यात पाण्याचा फेस आणि वाळू यांवरून परतणाऱ्यांची भर पडते. दुर्बीण असेल तर घ्या. नसली तर केवळ त्यासाठी भेट लांबणीवर टाकू नका.

आणि एक रिकामी पिशवी, आपला कचरा परत आणायला. छोट्या उद्यानातले डबे सुट्टीच्या दिवशी दुपारीच भरून वाहतात, आणि पाण्याकाठी वाऱ्याने उडालेला कागद काठावर थांबत नाही.

पायरी पाचवी: वाट

फाटकाशी नकाशाचा फलक असतो. त्याचा फोटो काढून घ्या. परतताना अंधारात तो वाचता येत नाही आणि रस्त्याची खरी गरज तेव्हाच पडते. वाटा रंगांच्या खुणांनी दाखवलेल्या असतील तर आपला रंग ठरवा. शक्य असेल तर गोल फिरून परत येणारी वाट निवडा आणि ती अशा दिशेने चाला, की शेवट पश्चिमेच्या काठावर होईल. सुरुवातीला ऊन पाठीवर असावं. पाठीवर ऊन असलं की समोरच्या पक्ष्याच्या पिसांचा रंग दिसतो. ऊन डोळ्यांवर असलं तर नुसती काळी आकृती.

किती चालाल? सपाट रस्त्यावर माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो, पण इथे तसं चालायचं नाही. तासाला दीड-दोन किलोमीटर पुष्कळ. सोबत वयस्कर कुणी असेल किंवा व्हीलचेअर असेल तर फरसबंदीची वाट कुठवर जाते ते आधी विचारा. बहुतेक उद्यानांत ती पाणी बघायच्या मुख्य सज्ज्यापर्यंत असते, पुढे मातीची वाट सुरू होते.

चालताना दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. पहिली, वाटेत चिखल आला तर त्यातूनच जा, कडेच्या गवतावरून वळसा घालू नका. प्रत्येकाने वळसा घातला की वाट हळूहळू रुंद होत जाते, गवत मरतं, माती सुटते आणि पहिल्या पावसात पाण्यात जाते. लहान जागेला हे सोसत नाही. दुसरी, लाकडी फळ्यांच्या वाटेवर सावलीतला आणि पाण्यालगतचा भाग जपून पार करा. तिथे शेवाळं धरतं. ते हिरवंगार दिसलं तर माणूस सावध होतो, पण बऱ्याचदा तो नुसता काळपट डाग असतो आणि त्यावरून पाय सटकन जातो. पायवाटेला उंच गवत लगटून असेल तर वाटेच्या मधून चाला, कारण गोचिड्या गवताच्या टोकावर कुणीतरी घासून जाण्याची वाट बघत बसलेल्या असतात.

पायरी सहावी: थांबा

ही पायरी सगळ्यात सोपी वाटते आणि नवख्यांना सगळ्यात अवघड जाते. एका जागी, न हलता, पाच मिनिटं.

खाडीकाठच्या गाळाकडे उभ्याने बघितलं तर नुसता गाळ दिसतो, त्याला बारीक बारीक भोकं. आपण चालत आलो तेव्हा आपली सावली गाळावर पडली आणि तिथे असलेले सगळे खेकडे एका क्षणात बिळात गेले. आता उकिडवे बसा आणि हात हलवू नका. मिनिटभर काही होत नाही. मग एका भोकाच्या तोंडाशी दोन काड्यांसारखे डोळे वर येतात. थांबतात. खेकडा अर्धा बाहेर येतो, पुन्हा आत जातो, पुन्हा येतो. त्याला काही झालं नाही हे बघून शेजारचा येतो. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला तो सगळा गाळ जिवंत झालेला असतो. प्रत्येक खेकडा छोट्या नांगीने गाळ उचलून तोंडाशी नेतोय, त्यातलं खाण्याजोगं काढून घेतोय आणि उरलेली गोळी खाली टाकतोय. हे चाललेलं असताना मागून कुणी हसत-बोलत आलं की पुन्हा सगळं रिकामं. ते लोक म्हणतात, "इथे काही नाही."

गोड्या पाण्याच्या काठी हीच पाच मिनिटं पाणकणसाच्या, म्हणजे पाण्यात उगवणाऱ्या उंच गवताच्या, दाट पुंजक्याजवळ घालवा. तिथे चतुर आणि टाचणी यांतला फरक ओळखायला शिका. बसल्यावर पंख विमानासारखे आडवे पसरून ठेवतो तो चतुर. पंख मिटून अंगालगत धरते ती बारीक अंगाची टाचणी. दोघंही डासांचे वैरी आहेत, तेव्हा ती जिथे भरपूर दिसतील ते पाणी तुमच्या बाजूचं समजा.

पाण्यातल्या खांबावर किंवा वाळक्या फांदीवर एखादा काळा पक्षी पंख उघडून उभा दिसेल, जसा ओला कपडा वाळत टाकलाय. तो पाणकावळा. त्याची पिसं बदकाच्या पिसांसारखी पाणी पूर्ण झटकत नाहीत, भिजतात. त्यामुळे त्याला सहज बुडी मारता येते आणि नंतर असं वाळत उभं राहावं लागतं. त्याच्या जवळ जायचा प्रयत्न करू नका. पक्षी मान वर करून तुमच्याकडे बघायला लागला, खाणं थांबवलं, जागा बदलली, की तुम्ही जास्त जवळ गेलात. दोन पावलं मागे या.

बदकांना पाव टाकू नका. सोबत मुलं असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा, कारण तिथे गेल्यावर समजावणं जड जातं. पावाने पोट भरतं, पोषण होत नाही. उरलेले तुकडे पाण्यात कुजतात आणि पक्षी माणसांच्या मागे लागायला शिकतात. मुलांना त्याऐवजी काम द्या: चतुर किती, टाचण्या किती, मोजून सांगा. कुत्रा आणला असेल तर तो पट्ट्यावरच हवा. जमिनीवर घरटं करणारे पक्षी काठच्या गवतात आणि खडीवर अंडी घालतात, आणि ती अंडी दगडांतून वेगळी ओळखूही येत नाहीत.

पायरी सातवी: बसायची जागा

सूर्यास्ताला अर्धा तास उरला की काठावर या. किती वेळ उरला हे घड्याळ न बघताही कळतं. हात सरळ ताणून मूठ आडवी धरा, सूर्य मुठीच्या वरच्या कडेला टेकवा. सूर्याकडे टक लावू नका, मुठीआड झाकूनच अंदाज घ्या. ताणलेल्या हाताची मूठ आभाळात सुमारे 10 अंश व्यापते. मुठीची खालची कड क्षितिजाला टेकली, तर विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात साधारण 40 मिनिटं उरली आहेत. 45 अंश अक्षांशावर सूर्य तिरका उतरतो, तिथे हीच मूठ जवळजवळ तासाची असते.

सगळे जिथे उभे असतात तो कठडा सोडा. थोडी बाजूची, खालची जागा बघा, जिथून पाण्याची पट्टी लांबलचक दिसेल. डोळे पाण्याच्या जितके जवळ, तितकी सूर्याची वाट पाण्यावर लांब आणि सलग दिसते. मात्र ओल्या खडकावर आणि लाटांच्या पट्ट्यात बसू नका. समुद्राच्या लाटा सारख्या नसतात, बराच वेळ लहान लाटा आल्यावर एखादी मोठी येतेच. बसण्याआधी दोन-चार मिनिटं उभं राहून ओल कुठवर आहे ते बघा.

याच सुमारास वारा पडतो. दिवसभर पाण्याकडून जमिनीकडे येणारे खारे वारे संध्याकाळी मंदावतात, आणि रात्री जमिनीकडून जाणारे मतलई वारे सुरू व्हायला अजून अवकाश असतो. मोठ्या तलावांवरही असंच होतं. या मधल्या शांततेत पाणी आरशासारखं होतं. आणि डासही याच वेळी येतात. त्यांना वाऱ्यात नीट उडता येत नाही, वारा पडल्याची ते वाट बघत असतात. लांब बाह्या आत्ताच चढवा, पहिला डास चावेपर्यंत थांबू नका.

पायरी आठवी: सूर्य बुडताना

दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघायचं नाही. सूर्य केशरी, मवाळ दिसत असला तरी नाही. भिंग सगळी उष्णता एका जागी गोळा करतं आणि डोळ्याच्या पडद्याला दुखतही नाही, त्यामुळे इजा होताना कळत नाही. नुसत्या डोळ्यांनीही अधूनमधून नजर टाकायची, रोखून धरायची नाही.

क्षितिजाजवळ सूर्य खालून-वरून दाबल्यासारखा, किंचित पसरट दिसतो. तो भास नाही, हवेमुळे प्रकाश खरोखर वाकतो आणि खालच्या कडेचा प्रकाश वरच्या कडेहून जास्त वाकतो. क्षितिजावर हे वाकणं सूर्याच्या स्वतःच्या रुंदीहून थोडं जास्तच असतं. म्हणजे खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा सूर्य खरं तर आधीच क्षितिजाखाली गेलेला असतो आणि आपण हवेने उचलून दाखवलेली त्याची प्रतिमा बघत असतो. मला हे पहिल्यांदा समजलं त्या संध्याकाळनंतर सूर्यास्त बघणं माझ्यासाठी पूर्वीसारखं राहिलं नाही. सूर्य मोठा दिसतो तो मात्र निव्वळ भास आहे. उंचावर असो वा क्षितिजावर, त्याची रुंदी अर्धा अंशच.

फोटोसाठी एवढंच: फोनच्या पडद्यावर सूर्याशेजारच्या आभाळावर बोट टेकवा आणि उजेड थोडा कमी करा. रंग धुवून निघणार नाहीत. क्षितिज सरळ ठेवा. दोन-तीन काढा आणि फोन खिशात ठेवा.

पायरी नववी: थांबून राहा, आणि मागे वळा

सूर्य गेला. टाळ्या झाल्या, माणसं उठली. तुम्ही उठू नका.

आता पाठमोरे व्हा. पूर्वेच्या क्षितिजावर निळसर करड्या रंगाची एक पट्टी हळूहळू वर चढताना दिसेल आणि तिच्या डोक्यावर फिकट गुलाबी पट्टा. ती निळी पट्टी म्हणजे पृथ्वीची सावली, वातावरणावर पडलेली. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिचीच सावली आभाळात चढताना बघायला मिळते, आणि कठड्यावरची माणसं तिच्याकडे पाठ करून गाडी शोधत असतात. हवा स्वच्छ आणि पूर्वेचं क्षितिज मोकळं असेल तर पंधरा-वीस मिनिटं ती नीट ओळखता येते, मग रात्रीत मिसळून जाते. पूर्वेकडचा काठ सोडू नका असं मघाशी म्हटलं, ते याच्यासाठी.

तोवर पश्चिमेला दुसरी फेरी सुरू होते. उंचावरचे ढग असतील तर सूर्यास्तानंतर दहा ते वीस मिनिटांनी ते खालून पेटल्यासारखे होतात: आधी पिवळे, मग केशरी, मग गडद गुलाबी. सूर्य क्षितिजाखाली 6 अंश जाईपर्यंतच्या उजेडाला नागरी संधिप्रकाश म्हणतात. विषुववृत्तालगत तो 21-22 मिनिटंच टिकतो, 45 अंश अक्षांशावर अर्धा तास किंवा थोडा अधिक, आणि 60 अंशांवर भर उन्हाळ्यात तासाहून जास्त. तुम्ही कुठे आहात त्यावरून किती थांबायचं ते ठरवा. तो संपला की वाट नीट दिसेनाशी होते.

या वेळात कानही उघडे ठेवा. बगळे थव्याथव्याने झाडांवर परतत असतात, जागेवरून भांडणं चालतात. त्याच झाडांतून दिवसभर मान खांद्यात घालून बसलेला रातबगळा नेमका उलटा, बाहेर पडतो. अंधूक आभाळात एकटाच, जड पंखांनी, "क्वाक्" असा एकच घोगरा आवाज करत तो पाण्याकडे जातो. पाण्यावर अगदी खालून वटवाघळं फिरू लागतात.

पायरी दहावी: परत

डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. तुम्ही तेवढा वेळ बसलेलाच आहात, तेव्हा फोनचा पडदा लखकन उघडून ती घालवू नका. टॉर्च लावायचाच असेल तर पावलांपुढे, जमिनीकडे. झाडांवर मारू नका, तिथे पक्षी नुकते बसलेत. जवळची वाट म्हणून नवा रस्ता धरू नका, आलेल्या किंवा नकाशात पाहिलेल्याच वाटेने या. शेवाळ्याच्या त्या फळ्या आठवा, आता त्यांवर दवही पडायला लागलं असेल.

गाडीत बसण्याआधी बूट आपटून माती झाडा, मोज्यांना आणि कपड्यांना चिकटलेल्या कुसळ्या काढा आणि त्या तिथेच ठेवा. एका काठचं बी दुसऱ्या काठावर असंच माणसांच्या बुटांना चिकटून जातं आणि मग तिथल्या झाडोऱ्याला भारी पडतं. घरी गेल्यावर घोट्याशी, गुडघ्यामागे, कमरेला गोचीड नाही ना, ते बघा.

एक काम बसल्या जागीच करून ठेवायचं असतं, नाहीतर राहून जातं. सूर्य नेमका कुठे बुडाला ते तारखेसह लिहून ठेवा: कुठल्या झाडाच्या डावीकडे, कुठल्या खांबापासून किती बोटं लांब. माझ्या वहीत एकाच बाकावरून घेतलेल्या अशा बऱ्याच नोंदी आहेत. जूनमधली तळ्यापलीकडच्या वाकड्या झाडाशी, डिसेंबरमधली पार दुसऱ्या टोकाला, पंपघराच्या छपरावर. दोन महिन्यांनी त्याच बाकावर या आणि आधी लिहिलेलं झाड शोधा.